सुगंधी द्रव्यांची त्वचेवरील परीक्षा

लग्नसमारंभात किंवा गाण्याच्या बैठकीत आलेल्या पाहुण्याच्या हाताच्या पालथ्या बाजूस अत्तर लावण्याची महाराष्ट्रातील रीत जुनी आहे. अत्तराचा फाया कानाच्या पाळीत ठेवण्याची चालही तितकीच परिचयाची. या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की सुगंधाची पारख कुपीच्या तोंडाशी होत नाही. तो उबदार त्वचेजवळ काही वेळ राहू द्यावा लागतो. युरोपातील दुकानांत मात्र गिऱ्हाइकाच्या हाती प्रथम कागदाची अरुंद पट्टी दिली जाते. पट्टीवर मोहक वाटलेला सुगंध घरी जाऊन अंगावर लावला असता तासाभरात अगदी निराळा भासतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. यावरून ‘ज्याच्या त्याच्या त्वचेचे रसायन वेगळे’ असे एक सर्वमान्य स्पष्टीकरण रूढ झाले आहे. ते कितपत खरे आहे, त्यात त्वचेचा वाटा किती व नाकाचा किती, हे तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

हा प्रश्न अलीकडे अधिक ठळक होण्यास एक व्यावहारिक कारण घडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये लहान, स्वतंत्र सुगंधगृहांची एक परंपरा उदयास आली. ‘दिप्तीक’ हे दुकान १९६१ साली निघाले व त्याचा पहिला सुगंध १९६८ साली विक्रीस आला. ‘लार्तिझां पार्फ्यूमर’ १९७६ साली स्थापन झाले. २००० साली फ्रेदेरिक माल यांनी तर पुस्तकावर लेखकाचे नाव असावे त्याप्रमाणे कुपीवर सुगंधरचनाकाराचे नाव छापण्याची प्रथा पाडली. या गृहांचे सुगंध सर्वांना आवडावेत अशा हेतूने रचलेले नसतात. धुपाचा, ओल्या मातीचा, कातड्याचा, डांबराचादेखील भास निर्माण करणाऱ्या या रचना बऱ्याच महाग असतात आणि सर्व शहरांत त्या हुंगावयासही मिळत नाहीत. त्यामुळे एक-दोन मिलिलिटरच्या नमुन्याच्या कुप्या मागवून, त्या चार-आठ दिवस अंगावर वापरून मगच मोठी कुपी घ्यावयाची, अशी पद्धत या सुगंधांच्या चाहत्यांत रुळली आहे. पद्धत शहाणपणाची आहे. परंतु तिचा उपयोग व्हावयाचा तर त्या काही थेंबांचे त्वचेवर नेमके काय होते हे ठाऊक असले पाहिजे.

सुगंधी द्रव म्हणजे अल्कोहोलात विरघळविलेले, कधी कधी शंभराहूनही अधिक पदार्थांचे मिश्रण. अल्कोहोल एखाद्या मिनिटात उडून जाते आणि त्वचेवर तेलकट द्रव्याचा अत्यंत पातळ थर उरतो. गंध येण्यासाठी या थरातील रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोचले पाहिजेत. म्हणून प्रत्येक पदार्थाचा बाष्पदाब येथे निर्णायक ठरतो. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत विपुल असणाऱ्या लिमोनिनाचा बाष्पदाब नेहमीच्या तापमानास लिनॅलूलच्या सुमारे दसपट असतो. लिनॅलूल हा लॅव्हेंडरसारख्या कित्येक फुलांच्या तेलांतील प्रमुख घटक होय. याच लिनॅलूलचा बाष्पदाब व्हॅनिलीनच्या सुमारे हजारपट भरतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की लिनॅलूलचा रेणुभार १५४ व व्हॅनिलीनचा १५२, म्हणजे जवळजवळ सारखाच आहे. ‘हलके रेणू आधी उडतात व जड मागाहून’ हे सुलभ पुस्तकांतील विधान म्हणूनच अपुरे आहे. व्हॅनिलीनचे रेणू ध्रुवीय असून हायड्रोजन बंधांनी परस्परांस व आजूबाजूच्या पदार्थांस धरून राहतात. त्यांचा रेंगाळण्याचा गुण वजनातून नव्हे, तर या आकर्षणातून येतो.

बाष्पनाच्या या क्रमावरूनच सुगंधाचे ‘अग्र’, ‘मध्य’ आणि ‘आधार’ असे तीन स्तर मानण्याची पद्धत पडली. तिला आकड्यांचे रूप देण्याचा प्रसिद्ध प्रयत्न इंग्रज सुगंधरसायनज्ञ विल्यम पाउचर यांनी १९५५ साली केला. शेकडो पदार्थ कागदाच्या पट्ट्यांवर टिपून, त्यांचा वास किती दिवस टिकतो यावरून त्यांनी प्रत्येकास १ ते १०० पर्यंतचा गुणांक दिला. १ ते १४ पर्यंतचे पदार्थ अग्रस्तराचे, १५ ते ६० चे मध्यस्तराचे व त्यापुढील आधारस्तराचे. चंदन व पाचोळी यांस त्यांनी पूर्ण १०० दिले. हे काम चिकाटीचे आहे यात शंका नाही. तथापि त्यातील प्रत्येक मोजमाप एकट्या पदार्थाचे आणि तेही कागदावरचे आहे. मिश्रणात स्थिती पालटते. आधारस्तरातील जड, चिकट पदार्थ हलक्या पदार्थांना आपल्यात विरघळवून त्यांच्या उडण्याचा वेग कमी करतात. ‘स्थिरक’ म्हणतात ते हेच. उलट, अग्रस्तर उडाला म्हणून आधारस्तर ‘सुरू’ होतो असेही नाही. तो पहिल्या क्षणापासून हवेत असतोच; लिंबाच्या गर्दीत तो ऐकू येत नाही इतकेच.

आता कागद आणि त्वचा यांची तुलना करू. कागद खोलीच्या तापमानाचा, कोरडा व सेल्युलोजच्या तंतूंचा बनलेला. हाताची त्वचा साधारणतः ३२ अंश सेल्सिअस तापमानाची. खोली २२ अंशांची असल्यास या दहा अंशांच्या फरकाने बहुतेक सुगंधी पदार्थांचा बाष्पदाब जवळजवळ दुप्पट होतो. जे पदार्थ मंद उडणारे त्यांचा तर त्याहूनही अधिक वाढतो. त्यामुळे त्वचेवर सर्व घटना त्वरेने घडतात, आणि कागदावर दडून राहिलेला आधारस्तर त्वचेवर लवकर व ठळकपणे प्रकट होतो. मे महिन्यातील नागपूर व डिसेंबरातील महाबळेश्वर येथे एकच सुगंध एकाच माणसावर निराळा वाटावा, यात नवल नाही.

परंतु तापमानापेक्षाही महत्त्वाचा भेद दुसराच आहे. त्वचा ही निष्क्रिय पट्टी नव्हे. तिच्या पृष्ठभागावर स्निग्धग्रंथींतून स्रवणारे तेल असते. त्यात त्रिग्लिसराइडे, मेणासारखी एस्टरे आणि स्क्वालीन यांचा समावेश होतो. त्याखाली शृंगस्तर म्हणून ओळखला जाणारा मृत पेशींचा थर असतो. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी एका मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकी. सुगंधी रेणू तेलात विरघळणारे असल्याने ते या दोन्हींत शिरतात. म्हणजे प्रत्येक रेणूपुढे दोन वाटा असतात, हवेत उडण्याची वा त्वचेत मुरण्याची, आणि या दोहोंत स्पर्धा चालते. मुरलेल्यांपैकी काही नंतर हळूहळू बाहेर येतात, काही शरीरात जातात. तेलकट त्वचेवर सुगंध जास्त टिकतो व कोरड्या त्वचेवर लवकर विरतो, या सार्वत्रिक अनुभवाची उपपत्ती येथेच सापडते: तेलाचा थर हाच एक स्थिरक होय. स्नानानंतर त्वचेस गंधहीन मलम लावून मग सुगंध लावावा, ही सूचना त्यामुळे शास्त्रास धरून आहे.

येथे भारतीय अत्तराचे वेगळेपण स्पष्ट होते. कनोजच्या पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या डेगेत फुले व पाणी तापवून त्यांची वाफ बांबूच्या नळीने भपक्यात आणतात. भपक्यात चंदनाचे तेल अगोदरच असते व फुलांचा गंध त्यात उतरतो. अर्थात येथे अल्कोहोल नाही, आणि ज्यास पाउचर यांनी १०० गुण दिले ते द्रव्यच द्रावक म्हणून योजिलेले आहे. अत्तर त्वचेवर ‘फुलत’ जाते, एकदम उसळत नाही, याचे कारण हे. चंदनाच्या तेलाची किंमत भरमसाट वाढल्यामुळे आज पुष्कळ अत्तरांत त्याऐवजी द्रव पॅराफिन किंवा तत्सम गंधहीन तेल वापरले जाते. पॅराफिन मोगऱ्याला धरून ठेवते खरे. पण तासाभराने मोगरा ओसरल्यावर मागे जो चंदनाचा मृदू, दुधाळ वास उरावयाचा, त्या ठिकाणी काहीच उरत नाही. असे अत्तर कुपीत खऱ्यासारखेच वाटते. लबाडी उघडकीस येते ती मनगटावर, आणि तीही दुपारी.

सुगंधरचनेचा विचार आपल्याकडे किती बारकाईने झाला होता हे येथे प्रसंगोपात्त सांगावयास हरकत नाही. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त सोळा द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे १८२० प्रकार होतात हे गणित सुगंधांच्याच संदर्भात दिले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतीय सुगंधविद्येच्या इतिहासावर विपुल लेखन केले आणि गंगाधराचा ‘गंधसार’ व अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ अभ्यासकांच्या दृष्टीस आणले. यांपैकी ‘गंधवादा’वर जुन्या मराठीत टीका आहे. दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याहून एकत्र प्रसिद्ध झाले. मराठीच्या अभ्यासकांनी या टीकेकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले दिसत नाही.

आता ‘त्वचेच्या रसायना’कडे वळू. सर्वांत अधिक ऐकू येणारे स्पष्टीकरण त्वचेच्या आम्लतेचे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि माणसामाणसांत त्यात थोडा फरक असतो, हे खरे. पण सुगंधी द्रव्यांतील बहुसंख्य पदार्थ अल्कोहोले, एस्टरे, कीटोने, लॅक्टोने व हायड्रोकार्बने या वर्गांतील असतात. इतक्या अल्प फरकाने त्यांचे आयनीभवन होत नाही, की काही तासांत लक्षणीय विघटनही होत नाही. तेव्हा गुलाबाचा साबण झाला याचा दोष आम्लतेच्या माथी मारणे युक्त नाही. त्वचेतील विकरे काही एस्टरांचे विघटन करू शकतात, पण तीही मुख्यतः आत मुरलेल्या भागावर कार्य करतात. मनगटावर मनगट घासल्याने ‘रेणू फुटतात’ ही समजूत तर सर्वस्वी निराधार आहे. रासायनिक बंध इतके लेचेपेचे नसतात. घासण्याने ऊब वाढते, थर पसरून पातळ होतो आणि अग्रस्तर जरा लवकर उडतो, एवढेच घडते.

मग फरक कोठून येतो? एक भाग तेल, ऊब व आर्द्रता यांचा. तो वर आला. दुसरा भाग शरीराच्या स्वतःच्या गंधाचा. काखेतील घाम स्रवताना जवळजवळ गंधहीन असतो. त्वचेवरील जीवाणू त्यातील पदार्थांचे विघटन करून उग्र वासाची मेदाम्ले व गंधकयुक्त संयुगे निर्माण करतात, आणि या संयुगांचे परस्परप्रमाण व्यक्तिगणिक भिन्न असते. सुगंध हा या पार्श्वभूमीवर उमटतो. प्राग येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यात काही व्यक्तींच्या अंगगंधाशी त्यांनी स्वतः निवडलेल्या सुगंधाचे झालेले मिश्रण आणि प्रयोगकर्त्यांनी नेमून दिलेल्या सुगंधाचे मिश्रण यांची तुलना परक्या परीक्षकांकडून करविली. सुगंध सुटे हुंगले असता दोन्ही सारखेच आवडत होते. अंगगंधाशी मिसळल्यावर मात्र स्वतः निवडलेला सुगंध सरस ठरला. माणूस सुगंध निवडताना आपल्या अंगाशी काय जुळते हे नकळत जोखतो, असा निष्कर्ष त्यावरून निघतो. ‘मला हे शोभते’ या बोलण्यात, म्हणजे, केवळ कल्पना नाही.

असे असले तरी लोक ज्यास त्वचेचा फरक म्हणतात त्याचा मोठा हिस्सा वस्तुतः नाकाचा आहे. गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला व त्याबद्दल त्यांस २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात असे सुमारे चारशे कार्यक्षम ग्राहक आहेत आणि त्यांच्या जनुकांत व्यक्तिगत भेद विलक्षण आहेत. व्हायोलेट फुलांचा वास देणारे बीटा-आयोनोन हा पदार्थ काहींना अत्यल्प प्रमाणातही जाणवतो, काहींना जवळजवळ नाहीच. हा भेद प्रायः एकाच ग्राहकाच्या जनुकातील एका बदलावर अवलंबून असतो, हे २०१३ साली दाखविण्यात आले. गॅलक्सोलाइड या कृत्रिम कस्तुरीसदृश पदार्थाबाबतही २०२२ साली तसाच एक ग्राहक निश्चित झाला. कस्तुरीसदृश पदार्थ जवळजवळ प्रत्येक आधुनिक सुगंधाच्या आधारस्तरात असतात. ज्यास त्यांपैकी एखादा जाणवतच नाही, त्यास ‘हा सुगंध माझ्या त्वचेवर टिकत नाही’ असे वाटणे साहजिक आहे. सुगंध टिकलेला असतो; शेजारी बसलेल्यास तो येतही असतो.

याहूनही व्यापक आहे ती घ्राणाची सरावणूक. एकच गंध सतत येत राहिला तर काही मिनिटांतच त्याची जाणीव मंदावते. उदबत्तीच्या कारखान्यातील कामगारास वास येत नाही, बाहेरून येणाऱ्यास दारातच येतो. गळ्यापाशी लावलेला सुगंध चोवीस श्वासांत बधिर होतो, असे गणित कोणी मांडू नये. पण तत्त्व तेच. २००६ साली गेझा शोन या जर्मन सुगंधरचनाकाराने ‘मॉलिक्यूल ०१’ नावाचा सुगंध काढला. त्यात ‘आयसो ई सुपर’ हा देवदारसदृश, मखमली वासाचा एकच कृत्रिम पदार्थ आहे. तो वापरणारे नेहमी सांगतात की वास नाहीसा होतो व अकस्मात परत येतो. एकाच पदार्थात स्तर असावयाचे कारण नाही. तेव्हा हे येणे-जाणे कुपीतील नसून नाकातील आहे, हे या एका उदाहरणावरून जितके स्वच्छ दिसते तितके शंभर घटकांच्या मिश्रणात कधीच दिसले नसते.

यावरून परीक्षेची रीत ठरते. प्रथम कागदावर हुंगून नावडते ते वगळावे. पट्टीचा उपयोग निवडण्यासाठी नव्हे, नाकारण्यासाठी. उरलेल्यांपैकी एका दिवशी एकच, फार तर दोन सुगंध दोन्ही हातांच्या कोपराखालील भागावर लावावेत, आणि ते एकमेकांपासून दूर असावेत. मनगट नाकाशी सतत धरू नये. दर अर्ध्या-पाऊण तासाने, मोकळ्या हवेतून येऊन हुंगावे व त्या त्या वेळी दोन शब्द टिपून ठेवावेत. स्मरण या बाबतीत फार फसवे असते. दुकानांतून नाक ‘धुण्यासाठी’ कॉफीचे दाणे ठेवलेले असतात. परंतु २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात कॉफीचा परिणाम साध्या हवेपेक्षा सरस आढळला नाही. स्वतःच्या सुती सदऱ्याची बाही हुंगणे तितकेच उपयोगी आणि फुकट. टिकाऊपणाविषयी मात्र स्वतःच्या नाकावर विसंबू नये. चार तासांनी खोलीत येणाऱ्या घरच्या माणसास विचारावे. हाच प्रयोग तीन-चार निरनिराळ्या दिवशी केल्यावाचून मत बनवू नये, कारण सर्दी, ऊन, जेवण आणि मनःस्थिती यांनी प्रत्येक दिवसाचे नाक निराळे होते.

परीक्षा त्वचेवर होते म्हणून तिला जोखीमही आहे, आणि चाहत्यांच्या बोलण्यात तिचा उल्लेख क्वचितच येतो. बर्गामॉट या फळाच्या सालीच्या अशुद्ध तेलात बर्गाप्टेन नावाचा पदार्थ असतो. तो लागलेल्या त्वचेवर ऊन पडले असता दाह होऊन काळसर डाग उठतात व ते महिनोन्‌महिने राहतात. मोठ्या उत्पादकांकडून आता हा पदार्थ काढून टाकलेले तेल वापरले जाते. परंतु घरगुती ‘नैसर्गिक’ मिश्रणांची शाश्वती देता येत नाही. दुसरा धोका संपर्कजन्य अधिहर्षतेचा. ती लगेच दिसत नाही. एकदोन दिवसांनी खाज व लाली उमटते, आणि एकदा जडली की जन्मभर राहू शकते. लिमोनिन व लिनॅलूल हे ताजे असताना बरेच निरुपद्रवी असतात. हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन त्यांची हायड्रोपेरॉक्साइडे बनतात, ती मात्र त्रासदायक. अर्धी रिकामी, सैल बुचाची, वर्षभर खिडकीत राहिलेली नमुन्याची कुपी त्वचेवर रिती करणे म्हणूनच योग्य नाही. कानामागील वा गळ्याच्या नाजूक त्वचेपेक्षा हाताची बाजू परीक्षेस बरी, आणि एकदा जेथे लाली आली तो सुगंध पुन्हा लावून पाहण्याचा मोह टाळावा.

या धोक्यांमुळेच यूरोपीय संघाने काही पदार्थ वर्ज्य केले. झाडांच्या सालीवर वाढणारे ‘ओकमॉस’ हे शैवाक, म्हणजे आपल्या मसाल्यातील दगडफुलाचे नातलग. १९१७ च्या कोटी यांच्या ‘शीप्र’पासून एका संपूर्ण सुगंधकुळाचा तो पाया होता. त्याच्या अर्कात आढळणारी अ‍ॅट्रॅनॉल व क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल ही द्रव्ये, आणि त्यांच्यासमवेत ‘लायरल’ हा कृत्रिम पदार्थ, ऑगस्ट २०२१ पासून तेथील विक्रीतून पूर्णपणे बाद झाली. ‘लिलियल’ मार्च २०२२ पासून बंद झाले. पूर्वी २६ अधिहर्षकारक पदार्थांची नावे वेष्टनावर छापावी लागत. २०२३ च्या नियमाने ही यादी ऐंशीच्या वर गेली आहे. परिणामी जुन्या सुगंधांची सूत्रे पुनःपुन्हा बदलली जातात, नाव व कुपी तीच राहते. दहा वर्षांपूर्वीचा नमुना जपून ठेवून त्यावरून आज मोठी कुपी मागविणाऱ्याची निराशा झाली, तर दोष त्याच्या त्वचेचा नसून सूत्राचा असण्याचा संभव अधिक.

व्हर्साय येथे १९९० साली स्थापन झालेल्या ‘ओस्मोथेक’ या संग्रहात जुने व लुप्त सुगंध मूळ सूत्रांनुसार जतन केले जातात. ऑक्सिजनाचा संसर्ग होऊ नये म्हणून कुप्यांत आर्गॉन वायू भरलेला असतो व तापमान १२ अंशांवर राखलेले असते. तेथे येणाऱ्यांना ते सुगंध कागदाच्या पट्टीवर हुंगावयास मिळतात.